आखूड सत्रें आणि अध्यापकांचा भार

भागवताच्या कथेंत परीक्षित राजाला सात दिवसांची मुदत मिळाली होती. सातव्या दिवशीं तक्षकाचा दंश होणार हें ठरलेलें. तेवढ्या अवधींत त्याला जें ऐकावयाचें तें ऐकून व समजून घ्यावयाचें होतें. आपल्या परंपरेंतील सर्वांत आखूड सत्र बहुधा हेंच म्हणावें लागेल. परंतु त्या सत्राची व्यवस्था कशी होती याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. राजानें राज्याचा भार पुत्रावर सोंपविला होता. गंगेच्या कांठीं तो एकाच आसनावर बसला होता. ऋषिमंडळ भोंवतीं असलें तरी कथा त्याच्यासाठीं होती. विषय एक, गुरु एक आणि मुख्य श्रोताहि एक. शुकाचार्यांना मधूनच उठून दुसऱ्या आश्रमांत दुसरा विषय शिकवावयास जावें लागलें नाहीं, कीं रात्रीं जागून साठ उत्तरपत्रिका तपासाव्या लागल्या नाहींत. अवधि थोडा होता, पण त्याभोंवतालची सारी मांडणी त्या थोडेपणाला अनुकूल होती. म्हणूनच तें श्रवण सात दिवसांत पुरें होऊं शकलें.

ही गोष्ट आज आठवण्याचें कारण असें कीं, जें शिक्षण पूर्वीं पंधरा-सोळा आठवड्यांत द्यावयाचें तें चार, पांच किंवा सात-आठ आठवड्यांत देण्याची पद्धत जगांतील अनेक महाविद्यालयांत रूढ झाली आहे. कोठें ती उन्हाळी वर्गाच्या रूपानें आहे. कोठें सबंध वर्षच अशा लहान लहान खंडांत वांटलेलें आहे. आणि कोठें प्रवेशाचें काम लांबल्यामुळें लांब सत्र नाइलाजानें आखूड होतें. या पद्धतीची चर्चा होते ती बहुधा विद्यार्थ्याच्या बाजूनें. त्याला हें झेपेल काय, त्याची पदवी हलक्या मोलाची ठरेल काय, असे प्रश्न विचारले जातात, आणि ते योग्यच आहेत. परंतु ज्याच्या शिकविण्यावर या प्रश्नांचें उत्तर अवलंबून आहे, त्या अध्यापकाला अशा सत्रांत कोणतें साहाय्य लागतें, हा प्रश्न मात्र मागें पडतो. वस्तुतः तो पहिला प्रश्न आहे.

आखूड सत्रांचा इतिहास दीडशें वर्षांचा आहे. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें १८७१ सालीं उन्हाळी वर्ग सुरू केले. ते आरंभीं शाळाशिक्षकांच्या सोयीसाठीं होते, कारण शिक्षकाला स्वतः शिकावयास सवड मिळते ती सुटींतच. १८७४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील शटॉक्वा सरोवराच्या कांठीं रविवारच्या शाळांतील शिक्षकांसाठीं उन्हाळी मेळावा भरूं लागला आणि पुढें त्याला मोठ्या विद्यापीठासारखें स्वरूप आलें. तेथें शिकविणाऱ्यांत विल्यम रेनी हार्पर हा हिब्रू भाषेचा पंडित होता. त्यानें १८८१ पासून उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत हिब्रू शिकविण्याचे वर्ग चालविले होते. १८९२ सालीं शिकागो विद्यापीठ उघडलें तेव्हां त्याचा पहिला अध्यक्ष या नात्यानें हार्परनें वर्षाचे चार भाग पाडले आणि उन्हाळ्याचा भागहि अध्यापनाचाच मानला.

हार्परच्या योजनेंतील ही चार भागांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. अध्यापकानें वर्षाचे तीन भाग शिकवावें व एक भाग मोकळा ठेवावा, असा त्याचा दंडक होता. चौथ्या भागांतहि कोणी शिकविलें तर त्या जादा कामाचा मोबदला पैशानें मिळे, किंवा तें काम सांठवून पुढें सवेतन रजा घेतां येई. तसेंच विद्यार्थ्यानें एका वेळीं फार विषय न घेतां थोडे घ्यावे व त्यांवर अधिक तास द्यावे, असेंहि त्यानें ठरविलें. म्हणजे ज्या मनुष्यानें सत्र आखूड केलें त्यानेंच अध्यापकाच्या विश्रांतीचा व विषयांच्या संख्येचा विचार त्याच वेळीं केला होता. पुढें अनेकांनीं त्याचें आखूड सत्र तेवढें उचललें, आणि ही जोडव्यवस्था मात्र तेथेंच राहिली.

दुसऱ्या महायुद्धांत या पद्धतीला मोठी चालना मिळाली. १९४२ पासून अमेरिकेंतील कित्येक महाविद्यालयें उन्हाळ्याची सुटी मोडून बारा महिने चालूं लागलीं. १९४३ सालीं तेथील सैन्यानें परभाषा शिकविण्याचे जे वर्ग विद्यापीठांतून उघडले त्यांची रचना पाहण्यासारखी होती. भाषाशास्त्रज्ञ अध्यापक व्याकरण व भाषेची घडण समजावून देई; आणि ती भाषा ज्याची मातृभाषा आहे असा एक साहाय्यक लहान लहान तुकड्यांकडून बोलण्याचा सराव करून घेई. एकट्या अध्यापकानें दोन्ही कामें करावीं अशी अपेक्षा नव्हती. थोड्या महिन्यांत विद्यार्थी बोलूं लागले याचें श्रेय घाईला नव्हे, तर कामाच्या या विभागणीला आहे.

तिसरें उदाहरण कोलोरॅडो कॉलेजचें. अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं १८७४ सालीं स्थापन झालेली ही संस्था. शताब्दी जवळ आली तेव्हां अध्यक्ष लॉइड वॉर्नर यांनीं संस्थेच्या पुढील काळाची आंखणी करण्याचें काम राज्यशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन ब्रूक्स यांच्यावर सोंपविलें. ब्रूक्स यांनीं सहकाऱ्यांचीं म्हणणीं ऐकून घेतलीं, आणि त्यांतून १९७० सालीं एक नवी पद्धत सुरू झाली. विद्यार्थी एका वेळीं एकच विषय घेतो आणि अध्यापकहि एका वेळीं एकच विषय शिकवितो. खंड साडेतीन आठवड्यांचा, म्हणजे अध्यापनाच्या अठरा दिवसांचा. सोमवारीं सुरू झालेला विषय चौथ्या आठवड्याच्या बुधवारीं संपतो. पुढचा विषय लागतो तो त्यानंतरच्या सोमवारीं. मधले दिवस दोघांनाहि मोकळे असतात. एका अध्यापकाच्या वर्गांत पंचविसांहून अधिक विद्यार्थी सामान्यतः घेत नाहींत. दुसऱ्या विषयाचा तास आडवा येत नसल्यामुळें भूगर्भशास्त्राचा अध्यापक सबंध वर्ग घेऊन चार दिवस डोंगरांत मुक्काम करूं शकतो. आयोवा राज्यांतील कॉर्नेल कॉलेजनें १९७८ सालीं हीच वाट धरली, आणि ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथील व्हिक्टोरिया विद्यापीठानें २०१८ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीं एका वेळीं एक विषय, चार आठवडे, अशी रचना आणली.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र दिसतें. जेथें आखूड सत्र बरें चाललें तेथें तें अध्यापकाच्या अंगावर नुसतें टाकलें गेलें नाहीं. त्याच्याभोंवतीं संस्थेनें आपली घडी बदलली.

आपल्याकडे आखूड सत्र बहुधा योजून येत नाहीं. तें अंगावर येतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणें वर्षाचे तीस आठवडे, म्हणजे १८० दिवस, प्रत्यक्ष अध्यापनाचे असावयाचे. करोनाच्या सांथीमुळें २०२० सालीं हें गणित कोलमडलें. आयोगानें त्या वेळीं पहिल्या वर्षासाठीं जें वेळापत्रक सुचविलें, त्यांत वर्ग १ नोव्हेंबर २०२० ला सुरू व्हावयाचे होते. परीक्षा ८ ते २६ मार्च २०२१ ला, आणि दुसरें सत्र लगेच ५ एप्रिलला. दोन सत्रांमधील सुटी २७ मार्च ते ४ एप्रिल, म्हणजे अवघी नऊ दिवसांची. शिवाय आठवडा सहा दिवसांचा. प्रत्यक्षांत तारखा कित्येक ठिकाणीं आणखी पुढें गेल्या व सत्रें आणखी आखडलीं. ती आपत्ति होती, तिला इलाज नव्हता. परंतु सांथ गेली तरी कायद्यासारख्या कांहीं शाखांच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि पहिल्या वर्षाचें पहिलें सत्र उशिरा सुरू होतें, हा अनुभव महाराष्ट्राला आहे. सत्र उशिरा सुरू झालें म्हणून अभ्यासक्रम कमी होत नाहीं, आणि परीक्षेची तारीख बहुधा फारशी हलत नाहीं. मधली चिमटी बसते ती अध्यापकाला.

या चिमट्याचें स्वरूप केवळ तक्रारीनें कळणार नाहीं. तें हिशेबानेंच मांडलें पाहिजे. इतिहासाचा एक तरुण अध्यापक कल्पनेंत आणावा. त्याला चार श्रेयांकांचा एक विषय शिकवावयाचा आहे. एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे विषयाचे एकूण साठ तास. वर्गांत साठ विद्यार्थी आहेत. प्रत्येक तासाच्या तयारीला तो दोन तास देतो. नव्या अध्यापकाला हें कमीच पडतें. म्हणजे तयारीचे एकशें वीस तास. प्रत्येक विद्यार्थ्याकडून तो तीन निबंध लिहून घेतो. एकशें ऐंशी निबंध, प्रत्येकाला पाव तास, म्हणजे तपासणीचे पंचेचाळीस तास. एकंदर बेरीज दोनशें पंचवीस तासांची झाली.

हे दोनशें पंचवीस तास पंधरा आठवड्यांत वांटले तर आठवड्याला पंधरा तास येतात: चार शिकविण्याचे, आठ तयारीचे व तीन तपासणीचे. असे दोन विषय त्याच्याकडे असले तरी काम निभतें. आतां तेंच सत्र पांच आठवड्यांचें करावें. शिकविण्याचे तास आठवड्याला बारा, तयारीचे चोवीस आणि तपासणीचे नऊ, एकूण पंचेचाळीस. अनुदान आयोगाच्या त्याच नियमांत अध्यापकाच्या आठवड्याचें काम चाळीस तासांचें धरलेलें आहे. म्हणजे केवळ एका विषयानेंच मर्यादा ओलांडली. दुसरा विषय, परीक्षेवरील देखरेख, प्रवेशसमितीची बैठक, संस्थेच्या मूल्यांकनाच्या फायली यांना जागाच उरली नाहीं. आणि त्या तर चुकत नाहींत.

येथें व्यवस्थापक मंडळींचा एक युक्तिवाद असतो. तास तेवढेच आहेत, श्रेयांक तेवढेच आहेत, मग अध्यापकाचें काम वाढलें कोठें? हा युक्तिवाद बेरजेपुरता खरा आहे. काम वाढत नाहीं, तें दाटतें. चार पायल्या धान्य गाडीनें आणा कीं डोक्यावरून चार खेपांनीं आणा, वजन एकच. परंतु चारहि पायल्या एकाच वेळीं एका डोक्यावर दिल्या तर मान मोडते. ती मोडतांना दिसत नाहीं, एवढाच फरक. दिसतें तें हें कीं, अध्यापक निबंध तीनांऐवजीं एकच घेऊं लागतो, तोहि वाचल्यासारखा करून गुण देतो, आणि तयारीला वेळ न मिळाल्यामुळें जुनें टांचण वर्गांत वाचून दाखवितो. दोष त्याच्या नांवावर लागतो. खरें पाहतां त्याच्यापुढें दुसरा मार्गच ठेवलेला नसतो.

विद्यार्थ्याच्या बाजूनें या दाटणीचा परिणाम आणखी वेगळा आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून त्यानें दाखविलें कीं, निरर्थक अक्षरांची मालिका पाठ करतांना एका दिवसांत केलेल्या ६८ आवृत्त्यांनीं जें साधलें, तें तीन दिवसांवर वांटलेल्या ३८ आवृत्त्यांनींहि साधलें. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला हें तत्त्व निराळ्या रीतीनें ठाऊक आहेच. एका रात्रींत कोसळलेला पाऊस ओढ्यानें वाहून जातो. जमिनींत मुरतो तो रिमझिम पडलेला. लोणचें घालणाऱ्या बाईला कोणी म्हटलें कीं मीठ-मसाला तेवढाच घे पण उद्यांच वाढ, तर ती हंसेल. शिक्षणालाहि मुरण्यास वेळ लागतो, आणि आखूड सत्रांत तोच काढून घेतलेला असतो.

याचा अर्थ आखूड सत्रांत शिकविणें अशक्य आहे असा नव्हे. याचा अर्थ एवढाच कीं, लांब सत्रांतील व्याख्यानें तिप्पट वेगानें म्हणून दाखविणें म्हणजे आखूड सत्राचें अध्यापन नव्हे. तीन तासांची सलग बैठक असेल तर ती तीन व्याख्यानांची असूं शकत नाहीं. अध्यापकांसाठीं १९८७ पासून अनुदान आयोगानें विद्यापीठांतून जीं प्रशिक्षण केंद्रें उघडलीं, तेथील चार आठवड्यांच्या परिचयवर्गांत व तीन आठवड्यांच्या उजळणीवर्गांत महाराष्ट्रांतील हजारों अध्यापक स्वतः विद्यार्थी म्हणून बसलेले आहेत. दुपारच्या तिसऱ्या सलग व्याख्यानाला हातांतील लेखणी कशी थांबते आणि डोळे खिडकीबाहेर कसे जातात, हें त्यांना कोणी सांगावयास नको. त्या बाकावरचा अनुभव त्यांनीं आपल्या वर्गांत विसरूं नये.

बैठकीचा आरंभ कालच्या भागाच्या उजळणीनें व्हावा. मग थोडें व्याख्यान, मग वर्गांतच वाचन, मग चर्चा, आणि उठण्यापूर्वीं प्रत्येकानें लिहिलेल्या पांच-दहा ओळी. त्या ओळी दुसऱ्या दिवशीं परत मिळाव्या. लांब सत्रांत निबंध पंधरा दिवसांनीं परत केला तरी चालतो. पांच आठवड्यांच्या सत्रांत पंधरा दिवस म्हणजे जवळजवळ अर्धें सत्र. चूक कळली तेव्हां ती सुधारण्यास वेळच उरत नाहीं.

परंतु अशी मांडणी नवी करावी लागते, आणि त्यासाठींच साहाय्य हवें. या साहाय्याचें पहिलें अंग म्हणजे आगाऊ वेळ. कोणता विषय, कोणत्या तारखेपासून, किती विद्यार्थी, हें अध्यापकाला निदान दोन महिने आधीं कळलें पाहिजे, आणि त्या तयारीची गणना कामांत झाली पाहिजे. वरील इतिहासाच्या अध्यापकानें एकशें वीस तासांपैकीं साठ तासांची तयारी सत्रापूर्वींच केली, तर सत्रांतील तयारीचे तास आठवड्याला चोविसांचे बारा होतात. वर्ग साठांऐवजीं तिसांचा केला तर तपासणीचे तास नवांचे साडेचार होतात. शिकविण्याचे बारा, तयारीचे बारा आणि तपासणीचे साडेचार, म्हणजे साडेअठ्ठावीस तास झाले. पंचेचाळिसांचें ओझें साडेअठ्ठाविसांवर आलें. यांत अध्यापकानें कोठें अंग चोरलेलें नाहीं. निबंध तीनचे तीनच आहेत. जें बदललें तें संस्थेनें बदललें.

दुसरें अंग म्हणजे इतर कामांतून मोकळीक. ज्या पांच आठवड्यांत अध्यापक असा विषय शिकवितो, त्या आठवड्यांत त्याच्याकडे दुसरा विषय शक्यतों नसावा व समित्यांचीं कामें तर नसावींतच. तिसरें अंग ग्रंथालयाचें व कचेरीचें. नेमलेलें वाचन पहिल्या दिवशीं विद्यार्थ्याच्या हातीं असलें पाहिजे. विद्यार्थ्यांची यादी, खोली, प्रयोगशाळेंतील सामान हीं सत्र उघडण्यापूर्वीं तयार हवींत. पंधरा आठवड्यांच्या सत्रांत यादी तीन दिवस उशिरा आली तर कोणाचें कांहीं अडत नाहीं. पांच आठवड्यांच्या सत्रांत ते तीन दिवस नवांच्या बरोबरीचे असतात. कारकुनाच्या टेबलावर पडून राहिलेला एक कागद येथें वर्गाचा दीड आठवडा खातो.

हाच हिशेब गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यालाहि लागतो. पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें, एस. टी. आली नाहीं, आणि खेड्यांतील मुलगी दोन दिवस वर्गाला येऊं शकली नाहीं. तिचे सहा दिवस बुडाले असें समजावें. तिला तें भरून काढतां यावें म्हणून अध्यापकाजवळ प्रत्येक दिवसाचें लिखित टांचण तयार असलें पाहिजे, आणि तिला बसवून समजावून देणारा कोणी साहाय्यकहि असला पाहिजे. तो नसेल तर ती मुलगी मागें पडते आणि पुढें येतच नाहीं. आखूड सत्रांत वर्ग सोडून जाणारीं मुलें पुष्कळदां बुद्धीनें कमी नसतात. त्यांचे दोन दिवस चुकलेले असतात.

चौथें अंग अभ्यासमंडळाचें. संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकाला विद्यापीठाचा अभ्यासक्रम स्वतःच्या अधिकारांत कमी करतां येत नाहीं. वेळ अपुरा असला तर तो कोठें तरी काटछांट करतोच, पण चोरून करतो. एक जण आरंभ गाळतो, दुसरा शेवट गाळतो, आणि परीक्षेंत दोघांचेहि विद्यार्थी अडतात. त्यापेक्षां सत्र आखूड होणार हें दिसतांच विषयाचा गाभा कोणता व पूरक भाग कोणता हें मंडळानेंच जाहीर करावें, आणि प्रश्नपत्रिका त्या गाभ्यावर काढावी. कांहीं विषय आखूड सत्राला मानवतच नाहींत, हेंहि मंडळानें स्पष्ट म्हणावें. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगांतील बीं सत्राचें वेळापत्रक पाहून उगवत नाहीं. मोठी कादंबरी एका रात्रींत वाचून तिच्यावर सकाळीं विचार मांडतां येत नाहीं. अशा वेळीं नाहीं म्हणण्याचा अधिकार अध्यापकाला असला पाहिजे.

पांचवें अंग सहकाऱ्याचें. ज्यानें असें सत्र पूर्वीं एकदां निभावलें आहे त्यानें नव्या अध्यापकाबरोबर आठवड्यांतून अर्धा तास बसावें. कोणत्या दिवशीं वर्ग थकतो, कोणता भाग हटकून मागें राहतो, निबंध कोणत्या दिवशीं मागवावा, हें पुस्तकांत नसतें. तें एकानें दुसऱ्याला सांगावयाचें असतें. प्रत्येक सत्राच्या शेवटीं अध्यापकानें एका वहींत काय साधलें व काय फसलें तें टिपून ठेवावें, आणि ती वही विभागांत राहावी. खर्च एका वहीचा. पण पुढच्या अध्यापकाचे कित्येक तास वांचतील. सत्र संपल्यावर चार दिवस विश्रांति मिळावी, हें सहावें अंग. कोलोरॅडोच्या योजनेंत बुधवार ते सोमवार ही मोकळीक कृपा म्हणून दिलेली नाहीं. ती योजनेचाच भाग आहे.

आतां सर्वांत अवघड गोष्ट राहिली. महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील अध्यापक उचलतात. वर्गांत घेतलेल्या तासाचे पैसे त्यांना मिळतात. तयारीच्या दोन तासांचे मिळत नाहींत. लांब सत्रांत हा अन्याय पंधरा आठवड्यांवर पातळ पसरलेला असतो. आखूड सत्रांत तो एकवटतो. हा अध्यापक पुष्कळदां दोन-तीन महाविद्यालयांत तास घेत असतो. एकीकडे सत्र दाटलें म्हणून दुसरीकडचे तास सोडले तर तिकडचें उत्पन्न जातें, आणि न सोडले तर दोन्हीकडचे वर्ग बिघडतात. अशा अध्यापकाला चर्चेच्या पद्धतीवर व्याख्यान देणें हें थट्टा केल्यासारखें आहे. त्याला आखूड सत्राचा विषय द्यावयाचा असेल तर तयारीचे व तपासणीचे तास मोजून मोबदला द्यावा. आगाऊ नेमणुकीचा कागद हातीं नसतांना दोन महिने आधीं तयारी करावी अशी अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं, कारण सत्र येईपर्यंत तें काम आपल्याकडे राहील याचीच त्याला खात्री नसते.

यावर असा आक्षेप येईल कीं, एवढें सारें करावयाचें तर खर्च येणार, आणि पैसा कोठून आणावयाचा? आक्षेप खोटा नाहीं. परंतु वरील यादी पुन्हां पाहिली तर तिच्यांतील निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाहीं, असें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल. वेळेवर यादी देणें, आधीं कळविणें, समितीच्या कामांतून पांच आठवडे सोडणें, अभ्यासक्रमाचा गाभा ठरविणें, वही ठेवणें यांना इच्छा लागते. ज्यांना पैसा लागतो, म्हणजे लहान वर्ग, साहाय्यक आणि तासिका अध्यापकाचें पुरें वेतन, त्यांच्यावर खर्च न केला तर तो वांचत नाहीं; तो विद्यार्थ्याच्या नांवें टाकला जातो. नापास झालेला विद्यार्थी पुन्हां शुल्क भरतो, पुन्हां वर्ष घालवितो. पास झाला पण शिकला नाहीं, तर त्याची किंमत पुढें त्याला कामावर घेणारा व त्याच्याकडून शिकणारा मोजतो. तो आंकडा कोणत्याहि अंदाजपत्रकांत दिसत नाहीं, एवढेंच.

खेड्यांतील अखंड हरिनाम सप्ताह ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाहीं. सात दिवसांत ग्रंथाचें पारायण पुरें व्हावयाचें असतें. तें होतें, कारण गांव त्याला हात लावतें. मंडप कोणी घालतो, पाणी कोणी भरतो, पंगतीचा भार एकेका आळीवर वांटलेला असतो, पहाऱ्याची वीणा हातोहात बदलते, आणि कीर्तनाला रोज निराळे बुवा येतात. वाचणाऱ्यानें वाचावें, सांगणाऱ्यानें सांगावें. चुलीवरच्या भाताची काळजी त्याच्यावर नाहीं. सातव्या दिवशीं काला होतो तेव्हां श्रेय एकट्या बुवांचें कोणी मानीत नाहीं, आणि कांहीं उणें पडलें तर दोषहि एकट्या बुवांना देत नाहीं.

महाविद्यालयानें आखूड सत्र जरूर चालवावें. नोकरी करून शिकणाऱ्याला, मागें राहिलेला विषय भरून काढणाऱ्याला, सांथीनें किंवा महापुरानें ज्याचें वर्ष गेलें त्याला तें मोठा आधार आहे. पण तें चालविण्याचा ठराव करतांना त्याच ठरावांत दुसरीं दोन कलमें असावीं: अध्यापकाच्या हातून या काळांत कोणतें काम काढून घेतलें, आणि त्याच्या हाताखालीं कोण दिलें. हीं दोन कलमें कोरीं असतील तर सत्र आखूड झालें असें म्हणूं नये. फक्त तारखा जवळ आल्या, आणि पांचव्या आठवड्याच्या रात्रीं न तपासलेल्या निबंधांचा गठ्ठा पुढें घेऊन एक मनुष्य एकटा बसला आहे, एवढेंच झालें.